खिळ्यावर टांगलेला खडा

एका मेलेल्या बाईच्या नावाचा दगड मी दुसऱ्या माणसाच्या दगडात मिसळला. मिसळला तो चुकून. पण त्यानंतर मी दोनदा खोटं बोललो आणि सतरा वर्षं गप्प बसलो, ते काही चुकून झालं नाही. शिवाय त्याचा त्रास मला झाला नाही, भलत्याच बाईला झाला. संपादकांनी मला ‘तुमच्या धंद्यातले अनुभव’ मागितले तेव्हा त्यांना वैकुंठरथाच्या गमती हव्या असणार. त्याही थोड्या सांगतो. पण त्या दगडाला वळसा घालून मला या धंद्याबद्दल खरं असं काही सांगता येत नाही.

ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्या सुमनताईंना हे आधी वाचून दाखवलं. नाव बदलू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, “नका बदलू. सगळं नावाचंच तर होतं.”

मी मूळचा लासूर स्टेशनचा. वडील तिथल्या बाजारात मापाडी होते. ओळीनं दोन वर्षं पाऊस झाला नाही, बाजारात माल येईना, मग मापायचं काय? मी बजाजनगरला येऊन एका छोट्या कारखान्यात कंत्राटावर लागलो. पुढच्या उन्हाळ्यात पाण्याअभावी तिथली एक पाळी बंद झाली, ती नेमकी माझी. घरमालकाच्या ओळखीनं मी अप्पांच्या दुकानात गेलो. दुकानावर पाटी होती, ‘अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल’. घरी मी पत्र्याच्या दुकानात लागलो असं कळवलं. दुकान पत्र्याचंच होतं, त्यामुळं ते अगदीच खोटं नव्हतं.

लोक विचारतात, पहिल्या दिवशी भीती वाटली का? नाही वाटली. मला लहानपणापासून प्रत्येक गोष्ट उघडून बघायची खोड. वडिलांचं घड्याळ मी दोनदा उघडलं होतं आणि एकदाच पुन्हा बसवता आलं होतं. इथं तर सगळंच नवीन होतं. तिरडीला दोनच बांबू का? आडव्या कामट्या विषमच का? माणूस उताणा का निजवतात? मी दिवसाला पन्नास प्रश्न विचारायचो.

अप्पा साठीचे. अंगात बंडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पन्नास प्रश्नांपैकी एखाद्याचं उत्तर द्यायचे. “विषमच का, ते मला बी ठाव नाय. माझ्या बापाला बी ठाव नव्हतं. पण सम लावल्या तर लोक मोजतेत.”

या धंद्यात शिकण्यासारखं काय असतं, असं वाटेल. पहिली गोष्ट म्हणजे विचारणं. माणूस सामान घ्यायला येतो तेव्हा त्याचा बाप दोन तासांपूर्वी गेलेला असतो. त्याला ‘उंची किती’ असं विचारलं तर तो आपल्याकडं नुसता बघत राहतो. अप्पा विचारायचे, “वडील दारातून येताना वाकायचे का?” त्यावर उत्तर लगेच यायचं. कधी कधी त्याच्या मागोमाग हसूही. “वाकायचे ना. तरी लागायचंच डोक्याला.” बांबूचं माप मिळायचं आणि त्या माणसाला क्षणभर बाप चालताना दिसायचा.

दुसरी गोष्ट, गृहीत धरायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी एका बौद्ध घरी सवयीनं मडकं घेऊन गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. “दादा, हे परत न्या. आमच्यात मडकं धरत नाहीत, फोडत नाहीत. पांढरं कापड द्या आणि मेणबत्त्या. वंदना झाली की निघू.” रागावल्या नाहीत, पण मी मडकं पोटाशी धरून गल्लीतून परत आलो तेव्हा अप्पा दारातच उभे होते. “आधी विचार, मग गाडीत टाक,” एवढंच म्हणाले. ते वाक्य मी आजही नवीन पोरांना सांगतो.

गिऱ्हाईकं सगळी दुःखीच असतात असंही नाही. एक निवृत्त पेशकार दर महिन्याला येऊन बांबू वाजवून बघायचे, स्वतःसाठी. “अप्पा, हा ओला आहे. मला ओल्यावर नेऊ नका. वजन वाढतं, पोरं कुरकुर करतील.”

“साहेब, तुमच्यासाठी सुका काढून ठिवलाय. तुम्हीच येईना झालात.”

“सवड मिळाली की येतो.”

त्यांना पुढं सहा वर्षांनी सवड मिळाली. तोवर तो बांबू सुकून तडकला होता आणि आम्हाला दुसरा घ्यावा लागला. तो ओला निघाला. पोरं कुरकुरली.

शहर तेव्हा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होतं. ज्या स्मशानाला लोक ‘गावाबाहेर’ म्हणायचे त्याच्या भिंतीला लागून इमारती उभ्या राहिल्या, आणि मग त्याच इमारतीतले लोक धुराची तक्रार घेऊन आले. चार मजले चढून गेल्यावर कळायचं की तिरडी जिन्यात वळत नाही. मग माणसाला चादरीत धरून खाली आणायचं आणि वाहनतळावर दोन गाड्यांच्या मधे तिरडी बांधायची. गाडीचा मालक वरून ओरडायचा, “जरा जपून, नवीन आहे.” या वाढत्या शहरानंच आमच्या दुकानाला एक नवं काम दिलं. माझी चूक त्या कामातली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या हिंदू घरांत चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरतात, आणि मागून एक जण दगडानं त्या मडक्याला भोक पाडतो. तो दगड टाकून देत नाहीत. त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्या खड्यापाशी असतो, असं मानतात. दहाव्या दिवशी नदीवर त्याला पाणी घालतात, त्याच्यापुढं पिंड मांडतात, कावळा शिवला की खडा पाण्यात सोडतात आणि माणूस मोकळा झाला असं समजतात.

गावात हा खडा स्मशानातल्या कोनाड्यात नाहीतर झाडावर बांधून ठेवतात. बजाजनगरातल्या एका खोलीत भाड्यानं राहणाऱ्या कामगारानं तो कुठं ठेवायचा? घरात चालत नाही. दारात टांगला तर घरमालक खोली सोडा म्हणतो. तेव्हा अप्पांनी दुकानामागच्या भिंतीवर, पत्र्याच्या सावलीत, ओळीनं खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्यावर पांढऱ्या कापडात बांधलेला एकेक खडा आणि त्याला नावाची चिठ्ठी. मागच्या अंगणाला कुलूप. दहा दिवस सांभाळायचे आणि दहाव्या दिवशी पहाटे हातात द्यायचे. त्या भिंतीचं काम अप्पांनी माझ्याकडं दिलं होतं. तो विश्वास होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

मला कुतूहल होतं ते वेगळंच. खडे असतात तरी कसे? लोक निवडून घेतात, की हाताला लागेल तो? पूर्वी म्हणे नदीतला गुळगुळीत गोटा असायचा. आता नदीच कोरडी. एका दुपारी मी दोन गाठोडी सोडली. एक होतं गयाबाईंचं, पिशोरच्या एका म्हातारीचं. त्यांचा धाकटा मुलगा दत्ता बजाजनगरात कामाला होता, त्याच्या घरी त्या वारल्या होत्या. दुसरं एका निवृत्त शिक्षकांचं. दोन्ही खडे मी कठड्यावर आपापल्या कापडाशेजारी ठेवले आणि न्याहाळू लागलो. दोन्ही काळी खडी होती. शेजारच्या इमारतीच्या बांधकामासाठी जो ढीग पडला होता, त्यातलीच. मला गंमत वाटली. माणसं दोन, गावं दोन, आणि खडी एकाच गाडीतली.

तेवढ्यात अप्पांनी हाक मारली. बांबूंची गाडी आली होती. आम्ही बांबू मागच्या अंगणात ओढत आणले आणि वळताना एका बांबूचं टोक कठड्यावरून फिरलं. मी परत आलो तेव्हा दोन्ही खडे खाली मातीत पडले होते.

मी बराच वेळ ते हातात घेऊन उभा राहिलो. वजन करून पाहिलं, ओले करून पाहिले. काही कळेना. शेवटी एक इकडं बांधला, एक तिकडं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांचा दहावा होता. त्यांचा मुलगा पहाटे येऊन गाठोडं घेऊन गेला. दुपारी कायगावहून परतताना तोच सांगत आला, “पान ठेवायचा अवकाश, कावळा शिवला.” मला हायसं वाटलं. म्हणजे खडे बरोबर बांधले गेले होते. नाहीतर, दुसरा विचार आलाच, कावळ्याला खड्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. उद्या गयाबाईंचा होता.

सकाळी साडेसहाला दत्ता आला. बरोबर त्याचे पिशोरचे मोठे भाऊ भागवत. बाहेर जीपमध्ये बाया बसलेल्या. माझ्या मनात एकच होतं की अप्पांना सगळं सांगायचं आणि मगच गाठोडं द्यायचं. अप्पा आठला यायचे. तोवर वेळ काढावा म्हणून मी म्हणालो, “मागची किल्ली सापडत नाही.” किल्ली माझ्या खिशात होती.

ते बिचारे थांबले. दत्तानं माझ्याबरोबर दुकानभर किल्ली शोधली. गोवऱ्यांच्या मागंसुद्धा हात घालून पाहिला. आठ वाजता अप्पा आले, कमरेच्या जुडग्यातली दुसरी किल्ली लावली, खिळ्यावरचं गाठोडं काढलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. अप्पांनी गाठीवर बोट फिरवलं. माझ्याकडं बघितलं. गाठोडं दत्ताच्या हातात दिलं.

दीड तास गेला होता. तो दीड तास काय असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

अप्पांनी मला सामान घेऊन बरोबर पाठवलं. गोदावरीकाठी कायगावला पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. रस्त्यात टँकरच्या रांगा. गोदावरीचं पाणी त्या वर्षी इतकं मागं हटलं होतं की जीप सोडून भेगाळलेल्या गाळातून कितीतरी चालावं लागलं. आमच्या आधी येऊन गेलेल्या लोकांची पानं, चुरमुरे, विझलेल्या उदबत्त्या ठिकठिकाणी पडलेल्या. पिंड मांडेपर्यंत सव्वादहा झाले. आभाळात एक कावळा नव्हता.

तिथं विधीचं पाणी आणून देणारा एक म्हातारा होता. तो म्हणाला, “लवकर यायचं व्हतं. नऊ नंतर कावळं पलीकडच्या बाभळीत जातेत. उन्हात कोण येतंय?”

त्याचं कुणी ऐकलं नाही. पिंड ठेवला आणि कावळा आला नाही, की माणसं घड्याळ बघत नाहीत, मनात बघतात. काय राहिलं असेल? भागवत पुढं होऊन हात जोडून म्हणाले, “आई, शेत इकणार नाय.” कावळा नाही. दत्ता म्हणाला, “आई, पोरीचं शिक्षण करीन.” कावळा नाही. मग गयाबाईंची त्याच भावकीत दिलेली धाकटी बहीण, जिला सगळे आक्का म्हणायचे, पदर तोंडाला लावून म्हणाली, “पाणी पाणी करीत गेली माझी बहीण. जीव पाण्यात आडकलाय तिचा.”

आणि सगळ्यांनी सुमनताईंकडं बघितलं.

सुमनताई म्हणजे दत्ताची बायको. चार महिने सासूचं सगळं त्यांनी केलं होतं. गयाबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं, दिवसाला अमुक वाट्या. पण तो उन्हाळा असा होता की बजाजनगरात आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि घराघरांत हंड्यांवरून भांडणं व्हायची. अशा दिवसांत म्हातारी पाणी मागते आणि सून वाटी मोजते, हे शेजारणींनी खिडकीतून पाहिलेलं होतं.

“डॉक्टरांनी मोजून द्यायला सांगितलं होतं,” सुमनताई म्हणाल्या.

“डॉक्टर सांगल,” भागवत म्हणाले. “आन् तू मोजलंस.”

अर्धा तास वाट बघून भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला, खडा पाण्यात सोडला. मी चार पावलांवर पिशवी घेऊन उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. उशीर माझ्यामुळं झाला, एवढं जरी म्हणालो असतो तरी पुरलं असतं. खड्याचं सांगायचीही गरज नव्हती. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

संध्याकाळी अप्पांनी विचारलं, “गयाबाईची गाठ कुणी सोडली व्हती का रे? माझी गाठ अशी नसती.”

“नाही,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून गाठोडी ते स्वतः बांधायला लागले, लाल दोऱ्यानं. भिंतीचं काम माझ्याकडून कधी गेलं ते सांगितलंसुद्धा नाही. बाकी सगळं त्यांनी मला हातचं न राखता शिकवलं. ते गेले तेव्हा त्यांची तिरडी मी बांधली. कामट्या विषम लावल्या. त्या गाठीचं मात्र त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच.

खड्यानं काही होतं का? मी इतकी वर्षं या धंद्यात आहे आणि मला माहीत नाही. कावळ्यांचं मात्र मी पुष्कळ बघितलं. कावळा सकाळी लवकर येतो. जिथं रोज पिंड पडतात तिथं धीट असतो. गर्दी जवळ उभी असली तर येत नाही. पाणी आटलं, झाडं तुटली की ठिकाण बदलतो. आज माझ्या दुकानात प्रत्येक खड्याला नंबर घातलेला डबा आहे, घेतानाच त्याचा फोटो काढतो, आणि देताना सांगतो, “नऊच्या आत पिंड मांडा.” लोकांना वाटतं शास्त्रात आहे. शास्त्रातलं मला माहीत नाही. माझ्या खिशात एकदा किल्ली होती, म्हणून सांगतो.

मी स्वतःला समजावत आलो होतो की लोक विसरतात. सुमनताई त्याच वसाहतीत राहतात, कामगारांची खानावळ चालवतात, पोरगी शिकली, दत्ता बरा आहे, म्हणजे तो दिवस जिथल्या तिथं मिटला. मग मागच्या वर्षी आक्का वारल्या. मुलाकडं बजाजनगरातच होत्या. सामान माझ्याकडूनच गेलं, तिरडी बांधायला मीच गेलो.

निघण्याआधी घरचे एकेक जण पुढं होऊन गेलेल्या माणसाच्या तोंडात पळीनं पाणी घालतात. मी दाराशी सुतळी गुंडाळत होतो. सुना, मुली, नातवंडं, सगळ्यांचं झालं. सुमनताई पुढं आल्या, वाकून पळी उचलली. भागवत आता म्हातारे झाले होते, भिंतीला टेकून बसले होते. ते अगदी हळू म्हणाले, “तू राहू दे, सुमन. हिला तरी तुझ्या हातचं पाणी नको.”

सुमनताईंनी पळी तांब्यात ठेवली आणि मागं सरकल्या. चेहऱ्यावर काही नाही. पळी खाली ठेवायची सवय झालेला हात होता तो. हे पहिल्यांदा घडत नव्हतं. सतरा वर्षं त्या घरातल्या प्रत्येक मयताला हे घडत आलं होतं, आणि त्यातल्या कितीतरींच्या तिरड्या मीच बांधल्या असतील, दाराबाहेर.

त्या दिवशी माझ्या हातून गाठ नीट बसेना. दोनदा सोडून बांधली.

तिसऱ्या दिवशी मी सुमनताईंच्या खानावळीत गेलो. दुपारची जेवणं उरकली होती. रात्रीच्या पोळ्यांसाठी त्या कणीक मळत होत्या. मला ओळखलं, पाणी दिलं. मी ते तसंच समोर ठेवून सगळं सांगितलं. गाठोडी, बांबू, किल्ली, तो दीड तास, कायगाव. त्यांचे हात थांबले नाहीत.

“किल्ली खिशात होती?” त्यांनी विचारलं.

“होय.”

“आमचे हे गोवऱ्यांत हात घालून शोधत होते. हाताला विंचू चावता चावता राहिला म्हणून सांगत होते.” मग म्हणाल्या, “सतरा वर्षं का नाही बोललात?”

“आधी भीती. नोकरी जाईल म्हणून. नंतर... नंतर नुसतीच सवय झाली.”

“सवय,” त्या म्हणाल्या. उठून फडताळातून एक छोटी स्टीलची वाटी काढून माझ्यासमोर ठेवली. “ही ती वाटी. दिवसाला सहा. सातवी मागायच्या तेव्हा मी ओठ ओले करायचे नुसते. कायगावहून आल्यावर मलाच वाटायला लागलं, एखादी जास्त दिली असती तर काय बिघडलं असतं? दुसऱ्यांचं सोडा दादा, मलाच वाटायचं.”

मी हात जोडले. म्हणालो, “मला माफ करा.”

“नाही,” त्या म्हणाल्या. सरळ, न चिडता. “इथं माफी मागितलीत की तुम्ही मोकळे होऊन घरी जाल. मी आहे तिथंच. पुढच्या सोमवारी पिशोरला आक्कांचा दहावा आहे. सगळी भावकी येणार. तिथं सांगा. आणि ते पाणी प्या, ठेवून नका जाऊ.”

मी प्यालो.

त्या आठवड्यात मी न जाण्याची बरीच कारणं शोधली. लोक मारतील. धंदा बसेल. ज्याच्या भिंतीवर शंभर घरांनी विश्वासानं गाठोडी टांगली, त्यानं आपल्याच तोंडानं असं सांगायचं म्हणजे पाटी उतरवल्यासारखंच. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “उतरली तर उतरली. जाऊन या.”

सोमवारी मी साडेसहालाच पिशोरच्या नदीवर होतो. ठरवलं होतं की पिंड मांडले, लोक मागं सरकून उभे राहिले की बोलायचं. सगळी भावकी एकाच वेळी गप्प असते ती तेवढीच वेळ. पण झालं उलटंच. पान ठेवलं, लोक दहा पावलं मागं आले नाहीत तोच कावळा उतरला आणि भात घेऊन उडाला. “शिवला, शिवला,” म्हणत माणसं वळली, चपला शोधू लागली. आक्कांची कसलीच इच्छा राहिली नव्हती, आणि माझं राहून जात होतं.

“थांबा,” मी ओरडलो.

सगळे थांबले. भागवतांनी काठी रोवून माझ्याकडं बघितलं. “तुम्ही कोन?”

“तिरडी बांधणारा. बजाजनगरचा. गयाबाईंचा खडा माझ्याकडं होता.”

मग मी सांगितलं. पाठ करून आलो होतो, त्यातलं निम्मं विसरलो. दोन गाठोडी कशी सोडली, खडे कसे पडले, कसा अंदाजानं एक बांधला. किल्ली खिशात असताना सगळ्यांना कसं दीड तास बसवून ठेवलं आणि नदीवर जाईपर्यंत कावळे कसे निघून गेले. तिथला म्हातारा काय म्हणाला होता तेही सांगितलं. दत्ता माझ्याकडं बघत होता. आपला उजवा हात डाव्या हातानं चोळत होता.

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मग आमच्या गयाबाईचा खडा गेला कुठं?”

“कायगावलाच. आदल्या दिवशी गेला असेल किंवा त्या दिवशी. दोन्ही खडे तिथल्याच पाण्यात आहेत.”

“मंजी पाण्यात पोचली म्हणायची.”

“पोचल्या.”

भागवतांनी काठीच्या टोकानं माती उकरली. मग मान वर न करता म्हणाले, “आन् पाण्याचं? ती पाणी मागत व्हती त्याचं काय?”

“त्याचं मी काय सांगणार?” मी म्हणालो. “मी तिथं नव्हतो. तुम्हीही नव्हता. ज्या होत्या त्यांना सतरा वर्षांत कुणी विचारलं का?”

बायकांच्या घोळक्यात सुमनताई उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतलेला होता, पण चेहरा झाकला नव्हता. त्या भागवतांकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. अजून झालं नाही, असं ते बघणं होतं. मी चपला काढल्या आणि माणसांमधून वाट काढत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मी वाकायला लागलो तर त्या म्हणाल्या, “वाकू नका. नुसतं बोला. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या.”

मी सरळ उभा राहिलो.

“सुमनताई, त्या दिवशी चूक माझी होती आणि नाव तुमचं गेलं. मला बोलता येत होतं, मी बोललो नाही. मला माफ करा.”